माडीवरचं बोर्निओ

आमच्या माडीवरच्या भाडेकरूला मी पहिली शिवी घातली ती ब्राझीलमध्ये. धुतलेल्या चादरी घेऊन मी गच्चीवर गेले होते. जिथे दोरी असायची तिथे हिरवी जाळी बांधलेली. जाळीखाली लाकडाचे ओंडके टांगलेले आणि ओंडक्यांवर कसलीशी जाड पानांची झाडं मुळ्यांनी घट्ट धरून बसलेली. हा माणूस त्यातल्या एका पानाला नाक लावून उभा. मागे न बघताच म्हणाला, "आक्का, ब्राझीलमध्ये ओले कपडे आणू नका. कॅटलियाला साबणाचा वास चालत नाही."

मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. चादरी मात्र तिथेच वाळत घातल्या, ओंडक्यांच्या मधोमध.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पृथ्वी गोल आहे एवढं शाळेत कळलं होतं. ती पंचवटीतल्या आमच्या घराच्या माडीवर मावते हे या माणसाने दाखवलं. माझ्याहून बराच लहान, म्हणून 'तो' म्हणते. नाहीतर साठी उलटलेली होती. उभा जन्म ओझरच्या विमानांच्या कारखान्यात गेला. विमानाच्या पंखांवरचे रिव्हेट नीट बसलेत की नाही ते भिंगातून बघायचं, हे त्याचं काम. इतकी विमानं नजरेखालून गेली, बसला एकातही नाही. रिटायर झाला तरी भिंग खिशात असायचंच. त्यातून तो पानं बघायचा, मुळ्या बघायचा, आणि मी वाढलेली भाजीसुद्धा बघायचा.

त्याला वेड होतं ऑर्किडचं. आपल्याकडे आमरी म्हणतात. मी आमरीला बांडगूळ म्हणाले तर तो जेवणावरून उठायच्या बेतात आला.

"बांडगूळ झाडाचा रस पितं, आक्का. आमरी कुणाचं काही घेत नाही. नुसती फांदीवर बसते. हवा खाते, पाऊस पिते."

"म्हणजे तुमच्यासारखीच," मी म्हणाले. "फक्त तुम्हाला वरून पोळ्या लागतात."

जगात कुठलं ऑर्किड कुठे उगवतं ते त्याला तोंडपाठ होतं, आणि प्रत्येकाला त्याच्या गावासारखी हवा मिळाली पाहिजे हा हट्ट. म्हणून त्याने आमची माडी देशादेशांत वाटून टाकली. गच्ची ब्राझील. जिन्याच्या वळणावरचा कोनाडा मादागास्कर. तिथे अँग्रेकम नावाचं चांदणीसारखं पांढरं फूल यायचं, त्याला मागे वीतभराहून लांब शेपूट. शेपटाच्या तळाशी मध, आणि तो प्यायला तेवढ्याच लांब जिभेचा पतंग तिकडे आहे म्हणे. मी म्हटलं, "तेवढ्या जिभेची एक आमच्या गल्लीतच आहे, बोलावू का?"

उत्तरेच्या खिडकीत कूलर, आणि कूलरसमोर अँडीजचे डोंगर. तिथे मास्डेव्हालिया. ही जात उंचावरच्या धुक्यात वाढते, नाशिकचा उन्हाळा तिला सोसायचा नाही. अँडीज दर मे महिन्यात मरायचं आणि पावसाळ्यात कुरिअरने पुन्हा यायचं. कूलरसमोर तो स्वतः कधी बसला नाही. बाजूला घामाने निथळत बसायचा आणि विचारायचा, "छान गारवा आहे ना?" मला नाही, झाडाला. थंडी पडली की द्राक्षवाले बागांतून शेकोट्या पेटवून रडकुंडीला यायचे आणि हा खुशीत. "सिक्कीम आलं, आक्का, सिक्कीम!" म्हणत सिंबिडियमच्या कुंड्या उघड्यावर मांडायचा. थायलंड-व्हिएतनामकडचं पॅफिओपेडिलम वहाणेसारखं दिसतं. ते त्याने देवघराच्या कोनाड्यात ठेवलेलं, कारण उजेड तिथेच बेताचा. देव कुठेत विचारलं तर म्हणाला, "ते कुठेही राहू शकतात."

माडीवर एक मातीने भरलेली रिकामी कुंडी होती. त्यात काहीच नव्हतं, तरी तो रोज पाणी घालायचा. मी विचारलं तर म्हणाला, "ऑस्ट्रेलिया."

"कुठाय?"

"तिकडे एक आमरी आहे, ती जमिनीच्या आतच फुलते. वर येतच नाही."

"मग फुलते कशाला?"

तो विचारात पडला. "तिचा प्रश्न आहे," म्हणाला. "इथे ती जगायची नाही. म्हणून तिची नुसती जागा ठेवलीय."

पुढच्या आठवड्यात मी ऑस्ट्रेलियात धणे टाकले. कोथिंबीर छान आली. एकदा मी धास्तावून विचारलं, अजून किती देश यायचेत? तो म्हणाला, "अंटार्क्टिका सोडून सगळीकडे ऑर्किड आहे. तुमचा फ्रीज वाचला."

आपल्या मुलखात राहिला तो फक्त अंगणातला आंबा. तो सह्याद्री. त्याच्या फांद्यांना त्याने माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी वांडा बांधलेली, डेंड्रोबियम बांधलेलं, सीतेची वेणी बांधलेली. बाकीचं जग रुसून बसलं तरी सह्याद्री दरवर्षी न चुकता फुलायचा. आणि त्याच्याकडे हा फारसा बघायचाही नाही. घरच्यांचं असंच असतं.

राहिलं बाथरूम. ते बोर्निओ. खिडकीला प्लॅस्टिक ठोकलेलं, बादल्यांतून पाणी भरलेलं, वाफेसाठी अधूनमधून गिझर चालू, आणि भिंतीला टेकवलेल्या ओंडक्यावर बल्बोफायलम. पानं सुपाएवढी, चामड्यासारखी जाड. त्याला कधी फूल आलेलं नव्हतं. "आलं की तुम्हाला आपोआप कळेल," असं तो म्हणायचा. कसं कळेल ते त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा तमाशा झाला नसता.

बाथरूममध्ये बोर्निओ म्हणून हा पहाटे गोदावरीवर आंघोळीला. बारा महिने. पंचवटीत लोकांचा समज झाला की केवढा धार्मिक माणूस! शेजारचे गुरुजी घाटावर लोकांचे दहाव्या-बाराव्याचे विधी करतात. ते तर याला वाकून नमस्कार करायचे. मला म्हणायचे, "ज्ञानी आहेत हो आजी, काका. बोलत नाहीत. नुसते पाण्यात उभे राहून वर बघत असतात." हा बघत असायचा घाटावरच्या पिंपळाकडे. फांदीवर कुठे वांडा दिसते का म्हणून.

बायको होती. दिंडोरीला, भावाच्या द्राक्षमळ्यावर. भांडणाचं कारण एकच. ओझरला वसाहतीत दोन खोल्या होत्या आणि तिथेही याने बाथरूमचं बोर्निओ केलेलं. ती रोज साबण-कपडे घेऊन शेजारणीकडे आंघोळीला जायची. एक दिवस शेजारणीकडे पाहुणे होते. ही आंघोळीशिवाय परत आली, पिशवी भरली आणि दिंडोरीची एसटी धरली. त्याला याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "दोन खोल्यांत जग बसवायचं म्हणजे कुणीतरी थोडं सरकायला पाहिजे." ती सरकली ती थेट दिंडोरीपर्यंत.

तिचा फोन यायचा तो मला.

"आजी, आहेत ना?"

"आहे."

"जेवत्यात?"

"जेवतो."

"आन् बाथरूम?"

"आहे तसंच."

की फोन बंद. मग मी जिन्यातून ओरडायची, बायकोचा फोन होता! तो पान पुसायचं फडकं हातात घेऊन धावत खाली.

"काय म्हणाली?"

"बाथरूमचं विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"खरं ते."

तोंड पाडून वर जायचा. त्याला बायको यायला हवी होती आणि बोर्निओ हलवायचं नव्हतं. यापलीकडे त्याच्या आयुष्यात दुसरी अडचण नव्हती. मी त्याला सरळ सांगितलं, "अहो, ती काही तुमची आमरी नाही, फांदीवर बसून हवा खाऊन राहायला." तो म्हणाला, "बोर्निओची हवा एकदा मोडली की परत जमत नाही, आक्का. बायको समजूतदार आहे."

"समजूतदार आहे म्हणूनच गेली."

त्याच सुमारास डिशच्या वायरवर चढवलेल्या त्याच्या व्हॅनिलाला फुलं आली. ही वेल मेक्सिकोची. तिकडे माश्या तिच्या फुलांचं जुळवतात, इथे त्या माश्या नाहीत. म्हणून हा शिडीवर चढून, दात कोरायच्या काडीने एकेका फुलाचं लग्न लावत होता. मी खालून म्हटलं, "मेक्सिकोची लग्नं लावताय, आणि स्वतःची बायको दिंडोरीला!" त्याने काडी खाली टाकली. त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जेवायला आला आणि युरोपात एक आमरी आहे, ऑफ्रिस, असं सांगू लागला. तिचं फूल हुबेहूब मादी माशीसारखं दिसतं. नर येतो, फसतो, जातो, आणि पुढच्या फुलावर पुन्हा फसतो. त्याला वाटलं मी थक्क होईन. मी म्हटलं, "आमच्या गल्लीत दोन लग्नं अशीच झाली. आमटी घ्या."

आता तमाशा सांगते. श्रावण होता. हरसूलकडच्या डोंगरांवर त्या दिवसांत जमिनीतून उगवणाऱ्या आमरी फुलतात, हबेनारिया. लहर आली की हा कुणाला न सांगता तिकडे जायचा. पुढचं दार आतून बंद. वाफ जाऊ नये म्हणून फटीत ओली गोणपाटं कोंबलेली. स्वतः गच्चीवरून मागच्या लोखंडी जिन्याने पसार. या वेळी तो गेल्याचं मलाही कळलं नाही; जेवायला आला नाही तेव्हा वाटलं, पुन्हा रुसला असेल.

एका सकाळी गुरुजी आले. "आजी, काका दोन दिवस घाटावर दिसले नाहीत," म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. नाक वर केलं. त्यांचा व्यवसायच असा की तो वास त्यांना लगेच कळतो.

"आजी, हा वास..."

"उंदीर मेला असेल."

"एवढा मोठा उंदीर?"

आम्ही वर गेलो. दार आतून बंद. हाका मारल्या, दार बडवलं; मागच्या जिन्याचं त्या घाईत कुणालाच सुचलं नाही. फटीतून वास असा की पदर नाकाला लावूनही काही उपयोग नाही. गुरुजींनी मोबाइल लावला. मोबाइलमधली बाई म्हणाली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. गुरुजींनी डोळे मिटून मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले.

पंचवटीत माणूस गेला की काय करायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. पोलिसांना कळवायचं का, असं कुणीतरी विचारलं. गुरुजी म्हणाले, आधी दार तर उघडू द्या. सुताराला निरोप गेला आणि सुतार येईपर्यंत बांबू आले, मडकं आलं, गुलाल आला, तुळशीचा हार आणि कोरं पांढरं कापड आलं. अंगणात आंब्याखाली तिरडी बांधून तयार. गुरुजींनी गल्लीच्या ग्रुपवर त्याचा गोदावरीत उभा असलेला फोटो टाकला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. लोकांनी त्याच्याबद्दल इतकं चांगलं लिहिलं की मला वाटलं, हा भाडेकरू दुसऱ्याच कुणाचा तरी.

दिंडोरीला फोन मी केला. मला घोळवून सांगता येत नाही. म्हटलं, "बाई, तुझा नवरा गेला वाटतं. वास येतोय."

ती म्हणाली, "वाटतं म्हंजे?"

"दार उघडलं की नक्की सांगते."

"मी येते. माझ्याबिगर उचलू नका."

सुताराने दार तोडलं. माणूस नाही. गुरुजींनी कॉटखाली वाकून पाहिलं, सुताराने कपाट उघडून पाहिलं, आणि एकाने तर टाकीचं झाकण काढलं. वास बाथरूममधून येत होता. गुरुजींनी देवाचं नाव घेऊन दार ढकललं.

बोर्निओ फुललं होतं. ओंडक्यावरून तांबूस-पिवळ्या बारीक फुलांचा घोस लोंबत होता, त्याच्यावर माश्याच माश्या. पुढे कळलं की माश्यांना बोलवायलाच त्या फुलाला सडक्या मांसाचा वास असतो. सुतार बाहेर जाऊन ओकला. गुरुजी फुलाकडे बघतच राहिले, जरा हिरमुसल्यासारखे.

"मग काका कुठेत?"

"ते तुम्ही सांगा," मी म्हटलं. "श्रद्धांजली तुम्ही वाहिलीत."

तेवढ्यात दारात द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटची पिकअप थांबली. पुढून बायको उतरली. कपाळावर कुंकू तसंच. मी तिकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"आधी बघीन, मग पुशीन म्हटलं," ती म्हणाली. "ह्या माणसाचा काय भरवसा नाय."

मी सगळं सांगितलं. मेला नाही, पण आहे कुठे तेही माहीत नाही. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मी पाणी दिलं. त्यातलं निम्मं तिच्या साडीवर सांडलं, ते तिला कळलंही नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा हा आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. अंगणात गर्दी आणि तिरडी बघून त्याने पिशवी काढली, हात जोडले आणि मागच्या बाजूला उभा राहिला. शेजारी गुरुजीच होते.

"कोण गेलं?" याने हळूच विचारलं.

गुरुजींनी वळून पाहिलं. तोंड उघडं पडलं. "तुम्ही."

"कधी?"

"सकाळी कळलं आम्हाला."

"मला कुणी बोललं नाही."

"तुमचा फोन लागत नव्हता हो!"

हसावं की ओरडावं ते कुणाला कळेना. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि वास त्याच्यापर्यंत पोचला. सगळे नाकं दाबत होते. याने डोळे मिटून छाती भरून तो वास घेतला. "फुललं?" म्हणाला, आणि जिन्याकडे धावला.

जिन्यात बायको बसलेली. आमचा जिना अरुंद. ती सरकल्याशिवाय वर जायला वाट नव्हती. ती सरकली नाही.

"आलीस?" तो म्हणाला.

"मर्तिकाला आले."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

मग तीच म्हणाली, "वर फुललंय तुमचं."

"हो."

"जा की मग."

पण सरकली नाहीच. त्यात गुरुजींना शास्त्र आठवलं. "काकू, मर्तिकाच्या भावनेने आलात, तेव्हा आंघोळ केल्याशिवाय परत जाऊ नका. गेलेला माणूस सापडला तरी भावना ती भावनाच. आम्हा सगळ्यांनाच करायची आहे." लोक एकेक करून आपापल्या घरी आंघोळीला निघाले. तिला घर दिंडोरीला.

"मी कुठं करू आंघोळ?" ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "इथं तर माझी शेजारीण पण नाय."

माझं बाथरूम खाली होतं. नळाला पाणीही होतं. मी बोलले नाही. मलाही कधी कधी गप्प बसता येतं.

त्याने वर माडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "थांब," म्हणाला आणि मागच्या लोखंडी जिन्याने वर गेला. मी मनात म्हटलं, संपलं. आता हा भिंग लावून बसणार, आणि ही येत्या एसटीने दिंडोरीला.

जिन्यात पावलं वाजली. ती बाजूला झाली. हा खांद्यावर तो ओंडका घेऊन खाली आला. घोस पाठीवर लोंबतोय, मागे माश्यांची वरात. ठेवायला सपाट जागा एकच होती. त्याने बोर्निओ तिरडीवर आडवं केलं. आता कुठे त्या वासाचा आणि तिरडीचा मेळ बसला.

"अहो, तिरडीवर काय!" गुरुजी ओरडले.

"बांधलीच आहे तर," तो म्हणाला आणि पुन्हा वर गेला. बादल्या आल्या, कुंड्या आल्या, खिडकीचं प्लॅस्टिक आलं. एकदा त्याने खिशातून भिंग काढलं, घोसाजवळ नेलं आणि परत खिशात घातलं. मग बायकोसमोर जाऊन म्हणाला, "फरशी घासलीय. गिझर लावलाय. जा."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग वर गेली. कडी लागल्याचा आवाज आला, मग नळ, मग तांब्या. एक तांब्या, पुन्हा एक तांब्या, थांबायचं नावच नाही. इतक्या वर्षांची आंघोळ ती एका दमात करत होती. खाली ऊन पडलं होतं. उघड्या हवेत घोस मान टाकू लागला. हा शेजारी उकिडवा बसला होता. हात लावला नाही.

वरून हाक आली, "अहो, पुसायला द्या!"

तो उठला आणि गोंधळला. घरातले सगळे टॉवेल सिक्कीमच्या कुंड्यांना गुंडाळलेले, शेवाळ चढलेले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, बायको तुमची आहे." त्याने अंगणभर नजर फिरवली. तिरडीच्या कडेला ते कोरं पांढरं कापड घडी घालून ठेवलेलं. त्याने ते उचललं, झटकलं, आणि गुरुजी "अहो, ते नाही, ते नाही!" म्हणेपर्यंत जिना चढून गेलाही.

बाथरूमचं दार बोटभर उघडलं आणि कापड आत गेलं.

"हे कसलं कापड?"

"माझंच आहे," तो म्हणाला. "नवं आहे, वापरलेलं नाही."

आत बांगड्या वाजल्या.

"खरखरीत हाय," ती म्हणाली. पण परत दिलं नाही.